बियांची वही

एक घर होते. माणसे कष्टाळू होती. घरामागे परडे होते. परड्यात मांडव होता. पावसाळ्यात मांडवावर दोडका, दुधी, काकडी चढत असे. थंडीत वालाच्या शेंगा लोंबत. बांधाला अंबाडी होती. पाटाच्या कडेला अळू होते. भाजीसाठी या घराला बाजार धरावा लागत नसे.

या साऱ्याची देखरेख घरची म्हातारी करी. माळ्यावर तिची १७ गाडगी होती. प्रत्येक गाडग्यात वेगळे बी. बी राखेत घोळलेले. गाडग्याच्या तोंडाला फडके आणि फडक्यावर शेणमातीचा लेप. कोणत्या गाडग्यात काय आहे, हे ती अंधारातही सांगे. पण लिहिलेले काहीच नव्हते. म्हातारीला लिहिता येत नव्हते. आणि घरातल्या कोणी तिला कधी विचारलेही नव्हते.

एका पौषात म्हातारी गेली.

मृगाच्या तोंडावर सुनेने गाडगी खाली काढली. दोन गाडग्यांत भोपळ्याचे बी निघाले. दोन्ही दिसायला सारखेच. तिने एकातले बी लावले. वेल जोमाने वाढला. फळे धरली. छान तुकतुकीत दिसत होती. पहिले फळ तिने चिरले आणि सवयीप्रमाणे एक बारीक तुकडा जिभेला लावला. कडू जहर! तिने तो थुंकला, चूळ भरली, आणि सगळे फळ उकिरड्यात पुरले.

पुढे गावातल्या एका जुन्या माणसाने उलगडा केला. "पोरी, तो खायचा भोपळा न्हवंच. तुझा सासरा पोरास्नी विहिरीत पवायला शिकवायचा. पाठीला बांधायचा भोपळा तो. कडू असतोय, पण वाळला की कवटी टणक हुती. तुझ्या सासूनं त्याचं बी येगळं ठेवलं हुतं."

एक गाडगे खायच्या भोपळ्याचे, दुसरे पोहायच्या भोपळ्याचे. दोन्हींतला फरक फक्त म्हातारीच्या डोक्यात होता. म्हातारी गेली. फरकही गेला.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कडू लागणारा दुधी कधीही खाऊ नये. त्याचा रसही पिऊ नये. त्याने जोराच्या वांत्या होतात, जुलाब होतात, रक्तही पडते. माणसे दगावल्याच्या घटनाही आपल्या देशात घडल्या आहेत. शिजवल्याने हे विष जात नाही. साखर किंवा मीठ घातल्यानेही जात नाही. दुधी चिरला की आधी बारीक तुकडा चाखावा. कडू लागला तर थुंकावा आणि फळ टाकून द्यावे.

त्या बाईने चाखून पाहिले म्हणून बरे झाले. पण बाकीच्या गाडग्यांचे काय झाले? काहींतले बी फार जुने निघाले. ते उगवलेच नाही. काही उगवले, पण चुकीच्या हंगामात लावले गेले. वेल वाढले, फळ आले नाही. दोन वर्षांनी माळ्यावर चारच गाडगी उरली. आता ते घर भाजी विकत आणते.

चोरी झाली नाही. आग लागली नाही. दुष्काळही पडला नाही. फक्त कोणी लिहून ठेवले नाही, म्हणून एवढे धन गेले.

बी आणि बियाची ओळख

बी म्हणजे काय? आम्ही म्हणू, बी म्हणजे दोन गोष्टी. एक तर तो दाणा. आणि दुसरी त्याची ओळख. हे कशाचे? कोणत्या वाणाचे? कोणत्या सालचे? केव्हा लावायचे? ही ओळख नसेल तर ते नुसते धान्य झाले. शिजवता येईल, पण भरवशाने पेरता येणार नाही.

पूर्वी ही ओळख तोंडी चाले. सासू सुनेला सांगे. आई लेकीला सांगे. आता लेकी शाळेत जातात, सुना कामावर जातात. सांगायला आणि ऐकायला वेळ मिळत नाही. म्हणून ही ओळख कागदावर उतरली पाहिजे. तुम्ही आता लिहा-वाचायला शिकला आहात. घरातले हे काम आता तुमचे आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. एक वही, एक पेन्सिल, थोडा कागद आणि दोरा. शाईचे पेन नको. दमट हवेत शाई फुटते. पेन्सिलीचे अक्षर टिकते.

आधी बी चांगले हवे

वहीत लिहायचे ते बीच वाईट असेल तर लिहून काय उपयोग? म्हणून आधी बी धरायचे कसे, ते थोडक्यात पाहू.

पुष्कळ घरांत चांगली फळे खाल्ली जातात. शेवटी वेलावर जे किडके, वाकडे राहते, त्याचे बी धरतात. हे उलटे झाले. जातिवंत, निरोगी झाड हेरावे. त्यावरची पहिल्या बहराची दोन-चार चांगली फळे बियासाठी सोडावीत. देठाला रंगीत चिंधी बांधावी. म्हणजे घरातले कोणी ते चुकून तोडणार नाही. होईल तर एकाच झाडाचे बी धरू नये. चार-पाच झाडांचे मिळून धरावे.

वाल, घेवडा, चवळी, गवार, भेंडी यांच्या शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. दोडका वेलावर इतका वाळू द्यावा, की हलवला तर आत बी खुळखुळ वाजले पाहिजे. दुधीचेही तसेच.

टोमॅटो आणि काकडी यांचे बी ओल्या गरात असते. फळ पूर्ण पिकू द्यावे. काकडी तर पिवळी पडू द्यावी. मग गरासह बी एका भांड्यात काढावे. एक-दोन दिवस तसेच आंबू द्यावे. नंतर चोळून धुवावे. भरीव बी तळाला बसते. पोचट बी वर तरंगते, ते टाकून द्यावे. धुतलेले बी ताटात किंवा फडक्यावर पसरावे. कागदावर पसरू नये, चिकटून बसते.

बी सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि सावलीत वाळवावे. भर दुपारच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर घालू नये. वाळले की नाही हे कसे ओळखावे? भोपळ्याचे बी वाकवून पाहावे. कट्‌कन मोडले तर वाळले. नुसते वाकले तर ओले आहे. वालाचा दाणा दाताखाली धरावा. दात रुतला तर ओला. टणक लागला तर वाळला.

बियाचे दोन मोठे शत्रू आहेत. एक ओल आणि दुसरी ऊब. बियाच्या जाणकारांनी एक ढोबळ नियम बांधला आहे. बियातली ओल शेकडा १ ने कमी झाली, तर त्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. ठेवण्याची जागा ५ अंशांनी थंड झाली, तरीही आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. आपल्या आज्या राख घालत, लिंपून ठेवत, ते काही उगीच नव्हे. कोरडी राख ओल घेते आणि किड्यालाही अडवते. कडुलिंबाचा वाळलेला पालाही घालावा. बाटलीत बी ठेवले, तर तळाशी भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी घालावी. तीही ओल ओढून घेते.

पुडी आणि चिठ्ठी

बी वाळले. आता पुडी बांधायची. एका पुडीत एकच वाण. एका पुडीत एकाच सालचे बी. जुने बी नव्यात मिसळू नये. मिसळले की दोन्हींचे वय हरवते.

प्रत्येक पुडीला दोन चिठ्ठ्या कराव्यात. एक पुडीच्या आत, एक बाहेर. बाहेरची चिठ्ठी घासते, फाटते, उंदीर कुरतडतो. आतली राहते. चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहाव्यात: नंबर, नाव आणि साल.

साल लिहायला विसरू नका. पुष्कळ जण चिठ्ठीवर "दिवाळीला धरले" असे लिहितात. पण कोणती दिवाळी? दिवाळी दर वर्षी येते. मराठी महिना लिहिला तरी चालेल, इंग्रजी तारीख लिहिली तरी चालेल. पण साल आकड्यात हवेच.

आता नंबर कशाला? नावे सारखी असतात. तुमच्या घरात घेवड्याचे तीन वाण असतील. शेजारी ज्याला वाल म्हणतात, त्याला तुम्ही पावटा म्हणत असाल. नंबर मात्र एकाचाच असतो. घरातल्या प्रत्येक वाणाला एक नंबर द्या. तो नंबर कायम त्याचाच. तो वाण उद्या बुडाला, तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देऊ नका. दर वर्षी नवे बी धराल, तेव्हा नंबर तोच राहील, साल तेवढे बदलेल. "नंबर ७, साल २०२४" आणि "नंबर ७, साल २०२५" या एकाच वाणाच्या दोन पिढ्या झाल्या.

पुड्या कशा रचायच्या? काही जण नावाप्रमाणे रचतात. आम्हाला विचाराल तर लावण्याच्या हंगामाप्रमाणे रचा. तीन डबे किंवा तीन गाठोडी करा. एक पावसाळी, एक हिवाळी आणि एक उन्हाळी. मृग जवळ आला की पावसाळी डबा काढायचा. बाकीचे दोन डबे उघडायचेही नाहीत. जितक्या वेळा डबा उघडाल, तितकी दमट हवा आत जाईल.

बाजारातून आणलेल्या बियाला पुष्कळदा औषध चोळलेले असते. ते लाल, गुलाबी किंवा हिरवे दिसते. ते विषारी असते. त्याची पुडी वेगळी ठेवा. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात "विष" असे लिहा. पोरांच्या हाताला लागू देऊ नका. उरले तरी ते शिजवू नका, कोंबड्यांनाही टाकू नका.

वहीचे पान

आता वही. आमच्या वर्गात येणाऱ्या एका बाईने ती कशी केली, ते सांगतो. सुरुवातीची भोपळ्याची हकीकत तिने ऐकली होती. तिची सासू सत्तरी ओलांडलेली. माळ्यावरची गाडगी सासूच्याच हातची. त्या रात्री जेवणे झाल्यावर ती वही घेऊन सासूजवळ बसली.

"आत्याबाई, हे कशाचं बी?"

"घेवड्याचं."

"कुठला घेवडा? आपल्यात दोन हायेत."

"लांब शेंगेचा. जांभळ्या फुलाचा."

"कधी धरलंय?"

"औंदा शिमग्याला."

"लावायचं कधी?"

"मृगाचा पाऊस पडला की. मांडवाला. पण थंडी पडल्याबिगर शेंग न्हाई धरत. लोक भाद्रपदात वेल उपटत्यात, शेंग येईना म्हणून. त्यांना सांग, दम धरा."

"आणि हे आणलं कुणाकडनं होतं?"

म्हातारी जरा थांबली. म्हणाली, "ते मग सांगते. आधी बाकीचं लिव्ह."

तिने लिहिलेले पान असे होते:

नंबर : ७
नाव : लांब शेंगेचा घेवडा
खूण : जांभळे फूल, बी तांबूस
गावठी की संकरित : गावठी
कोणाकडून आले :
बी धरले : फाल्गुन, सन २०२५
कोठे वाढवले : विहिरीजवळचा मांडव
शेजारी काय होते : दोडका. दुसरा घेवडा नव्हता
केव्हा लावावे : मृगात
किती बी आहे : दोन ओंजळी
उगवण :
कोणाला दिले :
शेरा : थंडी पडल्याशिवाय शेंग नाही. वेल उपटू नये

हे पान नीट पाहा. "शेरा" म्हणून जे लिहिले आहे, ते कोणत्याही दुकानाच्या पाकिटावर मिळणार नाही. ते त्या परड्याचे, त्या मातीचे ज्ञान आहे. म्हातारीला ते शिकायला ५० वर्षे लागली. सुनेला ते लिहायला मिनिटभरही लागले नाही.

काही जण म्हणतील, "आम्ही फोनमध्ये फोटो काढून ठेवतो." जरूर काढा. बियाचा, फुलाचा, फळाचा फोटो उपयोगी पडतो. पण फोन बिघडतो, बदलतो. वही घरात राहते आणि ती कोणालाही उघडता येते.

"गावठी की संकरित" हे का लिहायचे? संकरित बी म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा मुद्दाम संयोग करून केलेले बी. पहिल्या वर्षी त्याची झाडे एकसारखी येतात. पण त्या फळांचे बी धरून पुन्हा लावले, तर झाडे एकसारखी येत नाहीत. एक असे, एक तसे. संकरित बी पुढच्या साली धरून भागत नाही. गावठी बी धरता येते. दोन्ही एका गाडग्यात गेली, तर फसगत होते.

"शेजारी काय होते" हे का लिहायचे? हे कळायला फुलाचे काम समजले पाहिजे. भोपळा, दोडका, काकडी, कारले यांच्या वेलावर नर फूल वेगळे असते आणि मादी फूल वेगळे असते. माशा, भुंगे, पाखरे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला नेतात. तुमच्या गोड दुधीशेजारी कोणाचा कडू भोपळा फुलला, तर त्याचा पराग तुमच्या फुलावर येऊ शकतो. त्या वर्षीचे फळ गोडच लागेल. पण त्या फळातले बी भेसळीचे झाले. पुढच्या वर्षी त्या बियाचा वेल कडू फळे देऊ शकेल. म्हणून दुधीचे बी धरताना आसपास कडू भोपळा नव्हता ना, हे पाहून लिहावे. संशय असेल तर त्या वर्षी बी धरूच नये. दुधी आणि लाल भोपळा यांची मात्र आपसात भेसळ होत नाही. त्यांच्या प्रजाती वेगळ्या आहेत.

मिरचीतही अशी भेसळ होते. मक्यात तर वाऱ्याने होते. वाल, चवळी, टोमॅटो यांत ती फार कमी होते. म्हणून नवशिक्याने आधी वाल-चवळीचे बी धरायला शिकावे. भोपळ्याकडे मग वळावे.

उगवणीची परीक्षा

प्रत्येक बियाला वय असते. नीट वाळवून थंड, कोरड्या जागी ठेवले, तर साधारण असे धरून चालावे. कांद्याचे बी एक वर्ष, फार तर दोन. भेंडी आणि मिरची दोन वर्षे. वाल, घेवडा, चवळी तीन वर्षे. टोमॅटो आणि वांगी तीन ते चार वर्षे. भोपळा आणि काकडी चार ते पाच वर्षे. पण अंदाजावर राहू नये. पेरणीआधी परीक्षा घ्यावी.

परीक्षा सोपी आहे. पुडीतले २० दाणे मोजून घ्या. निवडून घेऊ नका, जसे येतील तसे घ्या. ओल्या फडक्यावर ओळीने मांडा. फडके गुंडाळा. उबदार कोपऱ्यात ठेवा. रोज थोडे पाणी शिंपडा. फडके ओले हवे, पण पाणी गळता कामा नये. वाल-चवळीला चार-पाच दिवसांत मोड येतात. वांगी-मिरचीला दहा ते चौदा दिवस लागतात.

मोड आलेले दाणे मोजा. त्या आकड्याला ५ ने गुणा. शेकडा किती उगवण, ते कळले.

समजा, २० पैकी १६ दाणे उगवले. १६ गुणिले ५ म्हणजे ८०. शेकडा ८० उगवण. बी चांगले आहे.

समजा, २० पैकी ९ उगवले. ९ गुणिले ५ म्हणजे ४५. निम्म्याहून कमी. हे बी दुप्पट पेरावे आणि याच वर्षी नवे धरावे. पुढच्या वर्षावर ढकलू नये. पुढच्या वर्षी कदाचित एकही दाणा उगवणार नाही.

हा आकडा वहीत "उगवण" या रकान्यात तारखेसह लिहा. तीन वर्षांचे आकडे एकाखाली एक आले, की बी कसे उतरत चालले आहे, हे तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

सगळे बी कधी पेरू नये

जवळचे सगळे बी एकदम मातीत घालू नका. पाऊस दगा देतो. कोंबड्या उकरतात. गुरे मांडव मोडतात. एक हिस्सा मागे ठेवावा.

आणखी एक हिस्सा शेजारणीला द्यावा. हे दान नव्हे, ही आपलीच ठेव आहे. आपले बुडाले तर तिच्याकडे मिळते. तिचे बुडाले तर आपल्याकडे मिळते. म्हणून "कोणाला दिले" हा रकाना आहे. दहा वर्षांनी वाण हरवला, तर कोणाच्या दारात जायचे, हे वही सांगेल.

असे बी देता-घेता येते का, अशी शंका काही जण काढतात. आपल्या देशात सन २००१ मध्ये पिकांच्या वाणांचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याप्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. फक्त नोंदलेल्या वाणाचे बी त्याच्या छापाच्या पाकिटात घालून विकता येत नाही. शेतकऱ्यांना आपला जुना वाणही या कायद्याखाली नोंदवता येतो. तेव्हा विचारतात, हा वाण कोठला, कसा ओळखायचा, किती वर्षे लावता? वही असेल तर उत्तर तयार असते.

मोठ्यांचीही रीत हीच

अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथल्या राहीबाई पोपेरे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्या शाळेत गेल्या नाहीत. पण गावठी वाणांचे बी त्यांनी जपले, वाढवले, लोकांना वाटले. त्यांना सन २०२० चा पद्मश्री किताब जाहीर झाला. घरातल्या गाडग्यांची किंमत केवढी आहे, हे त्यामुळे साऱ्या देशाला कळले.

दिल्लीला सरकारची बियांची एक मोठी पेढी आहे. देशभरातून आणलेले चार लाखांहून जास्त नमुने तेथे ठेवलेले आहेत. बी वाळवून, हवाबंद पाकिटात घालून, बर्फाहूनही थंड, म्हणजे उणे १८ अंशांच्या आसपास ठेवतात. आणि प्रत्येक पाकिटाबरोबर काय असते? एक नंबर. नाव काय, कोठून आणले, केव्हा आणले, याची नोंद. उगवणीची परीक्षा तेथेही घेतात. तुमचे गाडगे लहान, त्यांची पेढी मोठी. रीत एकच.

राहिलेला रकाना

आता त्या सासूसुनांकडे परत जाऊ. चार रात्री त्या दोघी बसत होत्या. १४ गाडग्यांची १४ पाने झाली. दोन गाडगी अशी निघाली, की म्हातारीलाही आठवेना. त्यांना सुनेने नंबर दिला आणि नावाच्या जागी लिहिले, "ठाऊक नाही. लावून पाहायचे. फळ चाखल्याशिवाय शिजवायचे नाही." हेही बरोबर केले. ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणून लिहावे. खोटी चिठ्ठी ही बिनचिठ्ठीच्या गाडग्याहून वाईट.

शेवटी सात नंबरचे पान उघडून सुनेने पुन्हा विचारले, "आत्याबाई, घेवडा कुणाकडनं आलाय ते राहिलंय."

म्हातारी म्हणाली, "माझ्या आईनं दिलाय. लग्नात. पदराला बांधून दिला हुता मूठभर. म्हणली, सासरी काय असंल नसंल, दारात वेल तर ऱ्हाईल."

"मग लिहू का, 'आत्याबाईंच्या माहेराहून'?"

"माहेर नको लिवू. आईचं नाव लिव्ह. तिचं नाव कुठंच लिवलेलं न्हाई. ना सातबाऱ्यावर, ना घरावर."

म्हातारीने नाव सांगितले. सुनेने ते सावकाश लिहिले आणि वाचून दाखवले. म्हातारीने पान जवळ ओढले. तिला वाचता येत नव्हते. तरी त्या ओळीवर तिने बोट ठेवून पाहिले.

तो घेवडा औंदा पुन्हा मांडवावर चढला आहे. त्याची एक मूठ सुनेच्या थोरल्या जावेकडे गेली आहे. कोणाला दिले, ते पान ७ वर लिहिलेले आहे.

हे करा

१. आज घरातल्या एका गाडग्याची किंवा पुडीची चिठ्ठी लिहा. नंबर, नाव, साल.
२. घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईला एका बियाची सारी हकीकत विचारा. वहीचे एक पान भरा.
३. वालाचे किंवा चवळीचे २० दाणे ओल्या फडक्यात ठेवा. किती उगवले ते मोजा आणि वर्गात सांगा.

विचार करा व सांगा

१. दोन्ही भोपळ्यांचे बी सारखेच दिसत होते. चूक कशाने टळली असती?
२. चिठ्ठीवर नुसते "दिवाळीला धरले" एवढे लिहून का भागत नाही?
३. पुडीच्या आत एक आणि बाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या का कराव्यात?
४. २० पैकी १३ दाणे उगवले. शेकडा उगवण किती?
५. तुमच्या घरात कोणता वाण कोणी आणला, हे आज कोणाला ठाऊक आहे? ते माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.